पौषातलं पिवळं तूप

गाईच्या तुपाचा रंग वर्षभर सारखा राहत नाही. ज्या घरात रोज दिवेलागणीला तुपाचं निरांजन लागतं, तिथल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. भादव्यात कढवलेलं तूप झेंडूच्या पाकळीसारखं पिवळं निघतं. दिवाळी सरली की तो पिवळेपणा उतरायला लागतो, आणि पौषात वाटीत जे थिजून बसतं ते मेणासारखं पांढरं. गाय तीच, विरजण तेच, कढवणारा हातही तोच. बदलतं ते तिच्या पुढ्यातलं गवत.

आमच्या घरी हे निरांजन सासूबाईंनी सुरू केलं आणि त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं. तूप घरच्याच गाईचं हवं असा नेम कुणी घालून दिला नव्हता, पण दारात हरणी होती. हरणी माझ्या वडिलांनी किन्हीराजाहून आंदण दिलेली. आली तेव्हा माझ्यासारखीच बुजरी होती. गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि आत जायला मागायची नाही. सासूबाईंनी तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि मग माझ्या पायावर घातलं. आधी गाय, मग सून. त्यावरून मला कितीतरी वर्षं चिडवलं गेलं.

ही गोष्ट सत्याहत्तर सालची. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात हरणी व्याली आणि कालवड झाली. घरात सगळ्यांना आनंद झाला, पण यांचा आनंद जरा हात राखून होता, आणि त्याला कारणही होतं. हरणीचं पहिलं वेत चौऱ्याहत्तर साली झालं. तेव्हा ती पावसाळाभर चांगली दुधावर होती, आणि मार्गशीर्षातच एकाएकी आटली. त्यानंतर दोन वर्षं भाकड उभी. कडबा बैलांना पुरवून पुरवून द्यायचा, गवत गाईचं, आणि गाय नुसती उभी. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला परवडत नाही.

भादवा लागला तशी एका दुपारी मी अंगणात वाती वळत बसले होते. हे ओट्यावर अंबाडी घेऊन बसले आणि दोर वळायला लागले. मी आधी लक्ष दिलं नाही. मग दोराच्या टोकाला गाठ आणि फास झाला, तेव्हा ओळखलं की हे दावं आहे. गोठ्यात एकही दावं तुटलेलं नव्हतं. आमच्याकडे जनावर विकलं की त्याच्या गळ्यातलं दावं सोबत देत नाहीत, बरकत जाते म्हणतात. ते काढून घरी ठेवायचं आणि जनावर नव्या दाव्यानं बाजारात न्यायचं. म्हणून विकायचं मनात आलं की माणूस आधी दावं वळतो.

यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. संक्रांतीपर्यंत पाहायचं. तोवर दुधावर राहिली तर राहिली. मागच्यासारखी थंडीत आटली तर माघातल्या बाजारात वाशीमला न्यायची आणि कालवड तेवढी ठेवायची. आवाज चढवून बोलणारे ते नव्हतेच. दावं त्यांनी गोठ्याच्या खुंटीला अडकवलं आणि रानात निघून गेले.

संध्याकाळी निरांजन लावताना मला चौऱ्याहत्तर साल आठवलं. त्या मार्गशीर्षात हरणी आटली आणि घरातलं तूप संपलं, तेव्हा मी पहिल्यांदा तेलाची वात लावली होती. देवाला तेल चालतं, तूप चालतं. मनाला मात्र लागलं होतं. गावात तर त्या साली कितीतरी गाई लवकर आटल्या होत्या. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं देवीचं काही चुकलं. मी त्यातलं काहीच म्हटलं नव्हतं, पण कारणही मला सुचलं नव्हतं.

आता आमच्या बरडाबद्दल सांगायला हवं. गावाच्या उगवतीला एक लांब चढण आहे, खडकाळ आणि पातळ मातीची. तिच्यावर पीक येत नाही, गवत मात्र कमरेइतकं येतं. मारवेल येतो, पवन्या येतो, आणि त्यांच्या बुडाशी रानमुगाचे वेल पसरतात. माथ्यावर बरडाईमायचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला एक दगड आणि त्यावर बोरीची सावली. पावसाळा लागला की बरड बंद. कुणी गुरं घालायची नाहीत, विळा लावायचा नाही. कोजागिरीच्या सकाळी पहिली पेंढी कापून देवीपुढे ठेवायची, मग प्रत्येक घरानं आपापला पट्टा कापायचा. पट्टे सगळ्यांना. आमचा होता, आमच्या शेजारी इंद्रभानचा, त्याच्यापलीकडे रहीमभाईचा. इंद्रभान बौद्ध, तो देवीला हात जोडत नसे, पण बरड बंद असलं की त्याचीही बकरी तिकडे जात नसे. पहिल्या पेंढीचा मान आमच्या घरच्या बाईचा. सासूबाई होत्या तोवर त्यांचा, मग माझा.

त्या साली महालक्ष्म्यांसाठी आघाडा आणायला मी बरडाच्या कडेनं गेले. सोबत जमीला होती, रहीमभाईची बायको. तिला आपल्या शेतातला तीळ पाहायचा होता. चालता चालता मी गवताची एक काडी उपटली आणि चावली. लहानपणापासूनची सवय. गोड लागली. बोंडीतून नुकता फुलोरा डोकावत होता आणि खाली रानमूग हिरवागार, पिवळ्या फुलांनी भरलेला. जमीलालाही एक काडी दिली. ती म्हणाली की तिची गाय मागल्या साली होळीपर्यंत दूध देत होती, आणि त्या साली कोजागिरीला कापलेलं गवत असंच होतं, हिरवं आणि गोड. पेंढी सोडली की वास घरभर.

मी थांबले. मागल्या साली कोजागिरीला गवत असं फुलोऱ्यावर होतं. हे खरं होतं, मला आठवत होतं. तेच गवत खाऊन दिवाळीच्या सुमारास हरणी दोन वर्षांनी माजावर आली आणि गाभण राहिली. पण या साली तर गवत आताच फुलोऱ्यावर यायला लागलं होतं आणि कोजागिरी कितीतरी लांब होती. अजून पित्तरपाट, म्हणजे पितृपक्ष, जायचा होता, नवरात्र जायचं होतं, दसरा जायचा होता.

“जमीला, यंदा कोजागिरी उशिरा हाये,” मी म्हणाले.

“काहून?”

“धोंडा आला ना. धोंड्यानं सगळे सण पुढं ढकलले.”

जमीला हसली. तिच्या रमजानची तर गोष्टच वेगळी, म्हणाली. तो दर साली मागं मागं सरकतो, कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात. “तुमचे सन पुढं सरकले वहिनी, पन गवताले कोन सांगीन थांब म्हून?”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. आणि निरांजनाची वात कातरताना एकदम लक्षात आलं ते दुसरंच. चौऱ्याहत्तर सालीही धोंडा होता. तेव्हा अधिक भादवा होता. मी नणंदेच्या यजमानांना, आमच्या जावईबापूंना, अनारशांचं वाण दिलं होतं आणि त्यासाठी काशाचं ताट ठोकून सरळ करून आणावं लागलं होतं. त्याच साली कोजागिरी अशीच लांबली होती. ज्या साली धोंडा पावसाळ्यात येतो, त्या साली आम्ही गवत कापायला जातो तेव्हा ते गवत राहिलेलं नसतं. बी पडून गेलेलं असतं, काडी पोकळ झालेली असते, रानमुगाचा पाला गळून नुसत्या तारा उरतात. गाय पोटभर खाते आणि तिच्या अंगी काही लागत नाही. दृष्ट नव्हती आणि देवीचंही काही चुकलं नव्हतं.

देवीचं काही चुकलं नव्हतं, पण रीत देवीच्या नावाची होती. आणि मी तर तिचाच नेम चालवणारी. रीत मोडून कापलेलं गवत गाईला घालायचं आणि त्याच गाईच्या तुपाचा दिवा लावायचा, हे माझ्या मनाला पटेना. तिसऱ्या दिवशी उकंडराव मामाजींकडे गेले.

उकंडराव हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. बरडाची राखण त्यांच्याकडे होती आणि बरडाईमायची दिवाबत्तीही. कोजागिरीला माझ्या हातात विळा देणारे तेच. ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी पदर सावरून खाली बसले आणि जमेल तितकं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कोजागिरीच का ठरली, हे त्यांनी मला समजावलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. त्याच्या आधी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस असतो. कापून पडलेल्या गवतावर एक सर आली की ते काळं पडतं, बुरशी धरते, जनावर तोंड लावत नाही. कोजागिरीनंतर आभाळ निवळतं. त्यांच्या वडिलांनी एका साली आधी कापलं होतं म्हणे, तर सगळं उकिरड्यावर गेलं.

“पन मामाजी, पेरनी आपन मिरगावर करतो. तिथी पाहून नाई करत,” मी म्हणाले. “गवतच काहून तिथीवर?”

त्यांचा अडकित्ता थांबला. “देवी तिथीवर येते म्हून.”

“देवीची पेंढी तिथीलेच देईन जी. तिचा तुकडा मी उभाच ठेवते.”

“अन् हे पित्तरपाटात विळा लावनं? नवं काम कोनी करते का पित्तरपाटात?”

गवताची नेमकी वेळ पित्तरपाटातच येत होती. मी नमस्कार करून उठले. मामाजींनी नाही म्हटलं नव्हतं, हो तर म्हटलंच नव्हतं.

वाटेत इंद्रभान भेटला. त्याला जमीलाकडून कळलं होतं. गंमत करायची त्याची सवय. म्हणाला, वहिनी, तुमची माय आमच्या वाट्याचंही गवत वाळवून राह्यली. मी म्हटलं, तुम्ही तर तिला मानत नाही, मग तुम्ही का कापत नाही? तो हसायचा थांबला.

“आमी कापलं तं भांडन होईन वहिनी. तुमी कापलं तं रीत होईन.”

हे मात्र मला घरापर्यंत पुरलं.

मामाजींच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं ते स्वयंपाकघरात. पितरांसाठी कोणत्या तिथीला काय लागेल ते मी मनाशी जुळवत होते. सासूबाई अहेव गेल्या. त्यांची तिथी अविधवा नवमी. त्या दिवशी त्यांच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची, आणि त्याआधी गाईचं पान वाढायचं. पितरांचं पान गाईला देणं हे काही नवं काम नव्हे, ते तर त्या पंधरवड्यातलंच काम. आणि सासूबाईंना काय आवडायचं? पुरणपोळी नाही, वडे नाहीत. त्यांना आवडायचं हरणीला हातानं हिरवं गवत भरवणं. मग नवमीला त्यांच्या नावानं गाईचं पान वाढायचं ते बरडावरच वाढावं. देवीचा मान देवीला कोजागिरीला, आणि सासूचा मान सासूला नवमीला.

खरं सांगायचं तर यात मी माझी सोय पाहत होते की धर्म, हे मलाच कळेना. म्हणून देवापुढे बसून जप केला आणि उठले तेव्हा मन शांत होतं. तेवढं मला पुरलं.

यांना सांगितलं तेव्हा हे पितळी तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. आमच्या पट्ट्यातलं गवत वाया गेलं तर गावातून कुणी पेंढी देणार नाही, मागायचंही तोंड राहणार नाही, हे त्यांनी सांगितलं. मग हरणीला संक्रांतीपर्यंतसुद्धा ठेवता येणार नाही. मी म्हटलं, ठेवू नका. ते माझ्याकडे बघतच राहिले. हरणीला न्या, असं माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“आईच्या नावानं म्हनते?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग मी येतो कापाले.”

मामाजींना निरोप मी पुन्हा स्वतः जाऊनच दिला. अविधवा नवमीचं म्हटल्यावर त्यांनी आडकाठी केली नाही. वहिनींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, शब्द त्यांनी हयातीत कधी खाली पडू दिला नव्हता. फक्त म्हणाले, तुझ्या पट्ट्यापुरतं, आणि काळं पडलं तर देवीला बोल लावायचा नाही. मी म्हटलं, नाही लावणार.

नवमीला उजाडताच मी सासूबाईंचं जुनं लुगडं घेऊन बरडावर गेले. गवत आता पुरं फुलोऱ्यावर होतं, बी धरलेलं नव्हतं. माथ्याकडचा एक तुकडा देवीसाठी उभा सोडला आणि त्याच्या कडेला दगड मांडले. पहिली मूठ कापली ती हरणीसाठी, सासूबाईंच्या नावानं. मग यांनी विळा घेतला. आम्ही दोघांनी पट्टा कापून काढला. बांधापलीकडून दोघीतिघी बघत होत्या आणि आपसात काही बोलत होत्या. मी मान वर केली नाही. उन्हात पसरलेल्या गवताचा वास दुपारी गावापर्यंत आला म्हणे.

दोन दिवस कडक ऊन पडलं. सकाळी दव असतानाच मी गवत उलटवायला जायची. ऊन चढल्यावर हात लावला की रानमुगाचा वाळलेला पाला झडून मातीत जायचा, आणि सगळा कस तर त्यातच. पेंढी उचलताना खाली लुगडं अंथरायची, म्हणजे झडलेला पाला लुगड्यात पडे. तो वेगळा बांधून घरी न्यायची. यावर यांनी मला हसून घेतलं. म्हणाले, पेढ्याचा चुरा गोळा करून राह्यली जशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतीकडून आभाळ भरून आलं.

हे तालुक्याला गेले होते. मी एकटी बरडावर पळाले. गवत अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. रचलं असतं तर आतून तापलं असतं, आणि पसरलेलं राहिलं असतं तर भिजलं असतं. मी उभी राहून नुसती आभाळाकडे बघत होते. तेवढ्यात जमीला तिळाच्या वावरातून पदर कमरेला खोचत आली.

“पाह्यता काय वहिनी? तिळासारकं उभं करा ना.”

तीळ आम्ही सगळेच असा वाळवतो. पेंढ्या गळ्याशी बांधायच्या आणि तीनचार पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या; पाऊस आला तर वरून ओघळून जातो. पण गवताच्या बाबतीत हे कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण गवत कधी पावसात कापलंच नव्हतं. आम्ही दोघी बांधत सुटलो. मग इंद्रभान आला आणि पेंढ्या टेकवायला लागला. बोलला ते एवढंच, की देवी बघत असेल तर आमचंही नाव लिहून घे म्हणावं. सर आली तेव्हा शेवटच्या ओळी उभ्या व्हायच्या राहिल्या होत्या. आम्ही तिघं बोरीखाली उभे राहिलो, शेंदरी दगडाच्या बाजूला, आणि पाऊस त्या उभ्या पेंढ्यांवर पडताना बघत राहिलो. मी मनात काही मागितलं नाही. मागायचं ते आधीच मागून झालं होतं.

जे पडून राहिलं होतं ते काळं पडलं. ते आम्ही गोठ्यात अंथरायला वापरलं. उभं केलेलं मात्र दोन दिवसांच्या उन्हानं सुकलं. बाहेरची पाती उडाल्या रंगाची झाली, आत हात घातला की हिरवं. कमी होतं. नेहमीच्यापेक्षा बरंच कमी होतं, हे रचल्यावर डोळ्यांना दिसलं. हे गंजीभोवती एक फेरी मारून आले. खुंटीवरचं दावं तिथंच होतं.

कोजागिरीच्या सकाळी सगळं गाव बरडावर जमलं. पोरी अजून भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. कुजबूज होती की आता हिचा मान कसा. हिनं तर आधीच विळा लावला. मामाजींनी ती ऐकली असेल. ते त्या दगड मांडलेल्या तुकड्यापाशी गेले, उभ्या गवतातून हात फिरवला. बी हातात आलं, ते त्यांनी फुंकून टाकलं.

“मायची पेंढी तं उभी हाये,” ते म्हणाले आणि विळा माझ्या हातात दिला.

मी पेंढी कापून देवीपुढे ठेवली. गवत खडखडत होतं, सोन्यासारखं पिवळं, दिसायला फार सुंदर. मग सगळ्यांनी आपापले पट्टे कापले. इंद्रभाननं कापताना एक काडी चावून थुंकली आणि माझ्याकडे पाहिलं. सर्वांच्या गंजी आमच्या गंजीपेक्षा उंच झाल्या.

मार्गशीर्ष आला. याच महिन्यात मागे हरणी आटली होती. मी दर गुरुवारी घट मांडायची आणि धार काढायला जाताना जीव मुठीत घ्यायची. दूध थोडं उतरलं, आटलं नाही. कमी गवत होतं म्हणून मी ते जपून घालत होते; सकाळी ज्वारीच्या धांड्यांचा चुरा आणि वरून लुगड्यात बांधलेला पाला मुठीनं, संध्याकाळी गवत. हरणी गवताची काडीही खाली पाडत नसे. शेजारच्या गोठ्यांत गाईंच्या पायाखाली काडीचा ढीग पडायचा. त्या हुंगून सोडून द्यायच्या. शेणावरूनही कळायचं. सारवायला बसलं की हरणीचं शेण हाताखाली मऊ पसरे, दुसरीकडचं रेषारेषांचं, कोरडं. अर्धा मार्गशीर्ष सरला आणि मामाजींची गाय आटली. जमीलाची त्यानंतर आठवड्याभरानं.

जमीलाचं मला वाईट वाटलं. तिनंच पेंढ्या उभ्या करायला सांगितलं होतं आणि तिच्या पट्ट्याचं गवत कोजागिरीपर्यंत उभं राहिलं होतं. मी तिच्याकडे रोज तांब्याभर दूध पाठवायला लागले. ती परत पाठवताना तांब्यात मूठभर तीळ टाकून पाठवायची. संक्रांतीचे लाडू आम्ही त्याच तिळाचे केले.

पौषी पुनवेच्या आदल्या दिवशी उकंडराव मामाजी आमच्याकडे आले. कधी यायचे नाहीत ते. हातात पितळी वाटी होती. देवीपुढे पुनवेला तुपाचा दिवा लागतो आणि यंदा त्यांच्या घरी तूप नव्हतं. मी वाटी भरून आणून दिली. ते वाटी हातात घेऊन दारापर्यंत गेले, उजेडात धरून बघत राहिले. भादव्यातल्याइतकं पिवळं नव्हतं ते. पण पौषातल्या तुपासारखं पांढरंही नव्हतं. हळद बोटाला लागून धुतल्यावर जशी राहते, तेवढा रंग त्यात होता.

“पुढला धोंडा कवा हाये?” त्यांनी विचारलं.

“तीन सालानं जी. जेठात.”

“तवा नवमी कोन्त्या नक्षत्रात येते ते मले आधी सांगजो. गावाले मी सांगतो.”

मी हो म्हटलं. ते वाटीवर हात धरून निघाले. वाऱ्यानं काही तूप उडत नाही, तरीपण हात धरला होता.

माघ लागला. बाजाराच्या दिवशी हे पहाटे उठले. मी चुलीपाशी होते. खुंटीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. संक्रांत तर होऊन गेली होती आणि हरणी दुधावर होती, तरी मनाचा काय भरवसा. मी दारात जाऊन उभी राहिले. हे गोठ्यात वाकले होते. नवं दावं त्यांच्या हातात होतं आणि ते कालवडीच्या गळ्यात अडकवत होते. तिचं जुनं दावं रात्री पुन्हा तुटलं होतं.

“काय झालं?” मी विचारलं.

“रोज सुटून मायचं दूध पिऊन टाकते,” हे म्हणाले. गाठ आवळून त्यांनी हरणीच्या पाठीवर थाप मारली. “दूध हाये म्हून पिऊन राह्यली ना.”

मी आत आले. तवा तापला होता, भाकरी टाकली.